आळेफाट्याचा वायरिंग मिस्त्री: पाच महिन्यांनी पिकअपचं मीटर उजळलं

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माळशेज घाट उतरत होतो. रात्रीचे बारा वाजून गेलेले, धुकं एवढं की वायपर चालू असून पुढचा कठडा दहा फुटांवर आल्याशिवाय दिसत नव्हता. गाडीत टोमॅटोच्या साठ जाळ्या, माल कल्याणला जायचा होता. धबधब्याच्या वळणापासून मागे एक ट्रक सारखा हॉर्न देत होता. जागा मिळाल्यावर मी बाजूला घेतलं. त्याने शेजारी गाडी लावली, काच खाली केली आणि ओरडून सांगितलं, "भाऊ, मागं एक बी दिवा नाही तुझ्या गाडीला. मी चढलोच असतो तुझ्यावर."

उतरून बघितलं. खरंच नव्हता. मागचे दोन्ही लाल दिवे बंद, नंबर प्लेटचा बंद. हेडलाइट मात्र व्यवस्थित चालू, म्हणून मला पुढून काही कळलंच नव्हतं. डॅशबोर्डवरचं मीटर अंधारात होतं, पण ते तर पाच महिने रखडतच होतं. त्याची मला सवय झाली होती. बऱ्याच गाड्यांत मीटरचा उजेड आणि मागचे लाल दिवे एकाच फ्यूजवर असतात, तो फ्यूज गेला की दोन्ही गेलेच समजायचं, हे इतकी वर्षं गाडी चालवून मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मीही कोणाला विचारलं नव्हतं.

हे सगळं आधी लिहितोय, कारण ज्या मिस्त्रीबद्दल लिहायचं आहे त्याच्या कामाची किंमत त्याशिवाय कळणार नाही. मीटरच्या दिव्याचं काम म्हणजे किरकोळ, गाडी पळते ना, मग बघू सवडीने, असं आपण सगळे पिकअपवाले म्हणतो. मीही तेच म्हणत होतो.

गाडी २०१६ ची, डिझेल. ओतूर, नारायणगाव, आळेफाटा आणि आठवड्यातून तीनदा कल्याण. आठ वर्षं उलटल्यापासून पासिंग दरवर्षी करावं लागतं. यंदा फेब्रुवारीत पासिंगच्या आधी केबिनचं डेंटिंग-पेंटिंग करून घेतलं, खालचा पत्रा सडला होता तो बदलला. मार्चमध्ये मीटरच्या तक्रारी सुरू झाल्या. रात्री हेडलाइट लावला की मीटरचा उजेड चांगलाच उतरायचा. इंडिकेटर दिला की मीटरपण इंडिकेटरच्या तालावर मंद-तेज, मंद-तेज व्हायचं. डिझेलचा काटा हेडलाइट लावल्यावर जागा सोडायचा आणि बंद केला की परत यायचा. ब्लोअर चालू केला तर सगळंच अजून मंद. मे महिन्यापासून त्यात आणखी एक भर पडली. अधूनमधून खड्ड्यात गाडी आदळली की मीटरचा उजेड पूर्णच जायचा. फ्यूज बदलला की चालू.

आळेफाट्याला जायच्या आधी तीन ठिकाणी गाडी दाखवली. कोणाचं नाव घेत नाही, ती माणसं दुसऱ्या कामात चांगली असतील. पहिल्या ठिकाणी मीटर उघडून सगळे बल्ब काढले आणि निळसर एलईडी बसवले, सहाशे रुपये. दोन दिवस बरं वाटलं. मग तेच. शिवाय तो निळा उजेड घाटात डोळ्यांवर येतो, बाहेरचं कमी दिसतं. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं की फ्यूज कमजोर आहे, आणि दहाचा लाल काढून वीसचा पिवळा टाकला. तिसऱ्या ठिकाणी मीटरची काळी वायर आणि चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, यांच्यामध्ये मल्टिमीटर लावला, बीप वाजला, म्हणून अर्थिंग (करंट परत जायचा रस्ता) ठीक आहे असं ठरलं आणि सगळा दोष मीटरवर आला. नवीन मीटर साडेअकरा हजार, जुना मिळाला तर सहा. मी सहाचा जुना शोधायला सांगून ठेवला होता. त्याच आठवड्यात माळशेजची ती रात्र आली.

आळेफाट्याचा पत्ता एका दुधाच्या टँकरवाल्याने दिला. पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन रस्ते जिथे एकमेकांना कापतात तिथून नगरच्या बाजूला निघायचं. टायरवाल्यांच्या रांगेच्या मागे एक गाळा आहे, पुढून दिसत नाही. बाहेर पाटी नाही, जुन्या बॅटऱ्यांची रास आहे. मिस्त्री तिशीतला, आयटीआय केलेला, हाताखाली एक मुलगा. मी पोचलो तेव्हा पुढे दोन गाड्या होत्या.

माझा नंबर आला. मी बॉनेट उघडायला गेलो तर म्हणाला, "मामा, थांबा. आधी सांगा, हे कधीपासून होतंय?"

मार्चपासून, म्हणालो.

"त्याच्या आधी गाडीला काय काम केलं होतं? कसलंही. वायरिंगचंच असं नाही."

डेंटिंग-पेंटिंग, म्हणालो. त्याने फक्त मान हलवली. मागच्या तिघांपैकी एकानेही हा प्रश्न विचारला नव्हता.

मग त्याने मल्टिमीटर काढला, वीस डीसी व्होल्टवर लावला आणि तपासणी सुरू केली. ही तपासणी मी जवळ उभं राहून बघितली, एक-दोनदा पिना मलाच धरायला लावल्या, त्यामुळे आकडे मला पाठ आहेत. गाडी बंद असताना बॅटरी १२.५. चालू केल्यावर १४.१. म्हणजे बॅटरी बरी, डायनामो चार्ज करतोय. इथपर्यंत कोणीही करतं. नंतर तो म्हणाला, "आता लोड टाका." लोड म्हणजे करंट ओढणारं काहीही; आम्ही दोन्ही हेडलाइट चालू केले. काळी पिन बॅटरीच्या मायनसवर ठेवली आणि लाल पिन एकेका लोखंडावर टेकवत गेला. इंजिनच्या ब्लॉकवर ०.०५. चासीवर ०.०८. मग दरवाजाच्या बिजागरीचा बोल्ट थोडा घासून तिथे टेकवली: १.३४.

"दिसलं?" म्हणाला. "ही केबिन मायनस आहे असं आपण धरून चालतो. तुमच्या गाडीत ती मायनस नाही. सव्वा व्होल्टपेक्षा जास्त वर तरंगतेय."

मग मला इंडिकेटर द्यायला सांगितला. मल्टिमीटरच्या पडद्यावर आकडा १.३४ वरून १.६ वर जायचा, परत खाली यायचा, परत वर. टिक-टिक जशी, तसाच आकडा. पाच महिने जो उजेड मंद-तेज होताना बघत होतो तो आकड्यात दिसत होता. मला त्या क्षणी फार बरं वाटलं, दुखणं सापडल्यावर वाटतं तसं.

त्याने समजावून सांगितलं ते माझ्या शब्दांत सांगतो. पिकअपमध्ये केबिन आणि चासी एकच लोखंड नसतं. केबिन चासीवर रबरी बुशांवर ठेवलेली असते, धक्के बसू नयेत म्हणून. रबरातून करंट जात नाही. त्यामुळे केबिनमधल्या प्रत्येक दिव्याचा, मीटरचा, ब्लोअरचा परतीचा करंट ज्या एका-दोन अर्थच्या पट्ट्या केबिनला चासीशी जोडतात त्यांच्यातूनच बॅटरीला परत जातो. तो रस्ता अरुंद झाला की सगळे दिवे त्याच्यात अडकतात. एका दिव्याने जास्त करंट टाकला की बाकीच्यांच्या वाट्याचे व्होल्ट कमी होतात. म्हणून हेडलाइट लावला की मीटर मंद, इंडिकेटर दिला की मीटर नाचतंय. आणि बल्बचा उजेड व्होल्टच्या हिशेबात उतरत नाही, त्याच्यापेक्षा खूप वेगाने उतरतो. व्होल्ट दहा टक्के कमी झाले की तारेच्या बल्बचा उजेड जवळजवळ तीस टक्के जातो. सव्वा-दीड व्होल्ट म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश उजेड गेलाच.

मी विचारलं, मग त्या तिसऱ्या ठिकाणी बीप कसा वाजला?

हे उत्तर मी मुद्दाम सविस्तर लिहितोय, कारण मला वाटतं निम्म्या गाड्यांचं निदान इथेच चुकतं. त्याने माझ्यासमोर हिशेब केला. दोन हेडलाइट पंचावन्न वॉटचे, म्हणजे नऊ-साडेनऊ ॲम्पिअर. तेवढा करंट जाताना १.३४ व्होल्ट वाटेत गळतायत. भागाकार केला तर अडथळा ०.१४ ओहम. मग मल्टिमीटर ओहमवर लावून दोन्ही पिना एकमेकींना टेकवल्या. पडद्यावर ०.३ आलं. म्हणजे त्याच्या पिनांच्या वायरीतच दोषाच्या दुप्पट अडथळा आहे. एवढा बारीक दोष त्या मापात दिसणारच नाही, आणि बीप तर त्याच्या कितीतरी पट अडथळ्यालाही वाजतो. "बीप फक्त सांगतो की वायर तुटलेली नाही," तो म्हणाला. "करंट वाहतोय का ते बीप सांगत नाही. करंट वाहताना बघायचं असतं." म्हणून लोड टाकून व्होल्ट मोजायचे. चांगल्या अर्थला ०.१ च्या आत यायला पाहिजेत.

पट्टी सापडायला वेळ लागला नाही. केबिनच्या पुढच्या डाव्या कोपऱ्याखाली आहे. तेरा नंबरचा पाना लावण्याआधी त्याने मला बोल्टाला हात लावायला सांगितला. बोल्ट कोमट होता. दहा-बारा वॉट उजेडाच्या ऐवजी तिथे खर्च होत होते. बोल्ट काढला, थिंबल (पट्टीच्या टोकाची धातूची कडी) बाजूला केलं आणि खाली पांढरा रंग. केबिनचाच रंग, चकचकीत, थिंबलचा गोल ठसा त्याच्यात उमटलेला. पेंटिंगवाल्याने पट्टी सोडली, पत्र्यावर रंग मारला, सुकल्यावर पट्टी त्याच रंगावर आवळली. कडेला नखाच्या चंद्रकोरीएवढी जागा घासून उघडी झाली होती, आणि बोल्टाचे आटे. पाच महिने माझ्या सगळ्या केबिनचा करंट तेवढ्या जागेतून जात होता. त्या चंद्रकोरीभोवती गंजाची पिवळी कड धरली होती. पावसाळा पुढे गेला असता तर तीही राहिली नसती.

त्याने रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा काढला, रुपयाच्या नाण्याएवढा. थिंबल साफ केलं. मध्ये दातेरी वॉशर टाकला, तो पत्र्यात रुततो. आवळून झाल्यावर वरून ग्रीस लावलं. हा क्रम लक्षात ठेवा, आधी आवळायचं आणि मग ग्रीस, पाणी जाऊ नये म्हणून. शिवाय त्याने एक जाड काळी केबल दोन्ही टोकांना थिंबल दाबून तयार केली आणि दुसऱ्या बाजूनेही केबिन चासीला जोडली. मला विचारून जोडली. "एकच राहिली तर चालेल," म्हणाला, "पण तुम्ही घाटात फिरता."

परत तोच लोड. परत बिजागरीचा बोल्ट. ०.०४.

मी आत बसलो. शटर अर्धं खाली केलं होतं म्हणून अंधार होता. मीटरचे आकडे, काट्यांची टोकं, किलोमीटरचा बारीक आकडा सगळं दिसत होतं. इंडिकेटर दिला. उजेड हलला नाही.

माझं काम संपलं असं मला वाटलं. त्याला वाटलं नाही. फ्यूज का उडतो ते राहिलंच आहे, म्हणाला, आणि फ्यूजबॉक्स उघडल्यावर तो पिवळा वीसचा बघून पहिल्यांदा त्याचा चेहरा बदलला. तिथे दहाचा लाल पाहिजे. फ्यूज उडतो तो वायरीला वाचवायला, मोठा फ्यूज टाकला म्हणजे आता फ्यूजच्या आधी वायर जळणार. पार्किंगची, म्हणजे मागच्या लाल दिव्यांची आणि मीटरच्या उजेडाची, वायर बारीक असते, ती मीटरच्या मागून, कापडी अस्तराच्या शेजारून जाते. हे सांगताना तो रागावला होता, आणि बरोबर रागावला होता. माझ्या गाडीत मागे माल असतो, कधी शेजारी माझा मुलगा असतो.

दोष शोधायची त्याची रीत साधी आहे आणि मला फार आवडली. नवे फ्यूज टाकून टाकून उडवत बसला नाही. फ्यूजच्या जागी दोन वायरी लावून इंडिकेटरचा एकवीस वॉटचा बल्ब जोडला. बल्बमधून पावणेदोन ॲम्पिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही, त्यामुळे काही जळत नाही, आणि शॉर्ट झाला की बल्ब लखकन पेटतो. पार्किंगचे सगळे बल्ब काढले, फक्त वायरिंग ठेवलं. आपला एकवीसचा बल्ब बंद. मग तो पुढून मागे वायरिंग हातात धरून हलवत गेला आणि हाताखालच्या मुलाला सांगितलं, बल्बकडे बघत रहा. इंजिनपाशी काही नाही. केबिनखाली काही नाही. हौद्याच्या खाली, मागच्या फाळक्याच्या जरा अलीकडे चासीच्या आडव्या पट्टीवरून वायरिंग जातं तिथे हात लागला आणि मुलगा ओरडला, "पेटला!"

आडव्या पट्टीची कड वायरींच्या काळ्या नळीत घुसली होती. नळीची क्लिप तुटलेली, वायरिंग लोंबत होतं, माल भरला की हौदा बसतो आणि कड वायरीवर टेकते. आतलं तांबं दिसत होतं, हिरवं पडलेलं. म्हणून रिकाम्या गाडीला कधी फ्यूज उडाला नाही आणि भरल्या गाडीला खड्ड्यात उडायचा. माळशेजला तेच झालं असणार, पण पिवळा फ्यूज असल्यामुळे वायर किती तापली असेल याचा विचार मी करत नाही. तो भाग त्याने कापून काढला, डाग देऊन जोडला, आकसणारी नळी चढवली, वरून नवी नळी, आणि दोन ठिकाणी रबर लावून क्लिप मारली. पिवळ्याच्या जागी लाल फ्यूज. त्याने मीटरमधले एलईडीही काढून साधे बल्ब हिरव्या टोपीसह परत बसवले. हे मी सांगितलं म्हणून. त्याचं म्हणणं होतं, एलईडी वाईट नाहीत, चांगल्या रंगाचे घ्या, आणि बसवताना उलटे बसले तर पेटत नाहीत, एवढं लक्षात ठेवा.

एकूण तीन तास गेले. बिल: मजुरी साडेसहाशे, केबल आणि थिंबल एकशे ऐंशी, बल्ब, फ्यूज, नळी मिळून दीडशे. नऊशे ऐंशी. मी हजाराची तयारी ठेवली होती ती त्याला सांगितली नाही, पण वीस परत घेतले नाहीत.

तक्रारी सांगतो, त्याही खऱ्या आहेत. फोन उचलत नाही. कामात असला की दिवसभर उचलत नाही, रात्री नऊनंतर त्याचाच फोन येतो. नंबर लावायची पद्धत नाही, जो आधी आला तो आधी. सकाळी नऊच्या आत पोचलात तर दुपारपर्यंत मोकळे व्हाल, अकराला गेलात तर दिवस गेला. बसायला जागा नाही, पाऊस असेल तर आपल्याच गाडीत बसायचं. बिल कागदावर देत नाही, मागितलं तर वहीच्या पानावर लिहून देतो. ज्यांना हिशेबाला पक्कं बिल लागतं त्यांनी आधीच बोलून घ्यावं. आणि घाई करणाऱ्या माणसाशी त्याचं जमत नाही. माझ्यासमोर एक जण "फक्त फ्यूज टाकून दे" म्हणत होता, त्याला त्याने फ्यूज हातात दिला आणि पैसे घेतले नाहीत, पण गाडीला हात लावला नाही.

वाट बघताना माझ्या पुढची गाडी बघितली, तीही सांगण्यासारखी आहे, कारण नव्या गाड्यांचं दुखणं वेगळं आहे. बीएस-६ पिकअप, २०२१ ची. डॅशबोर्डवर एकदम पाच-सहा दिवे पेटायचे, इंजिनचा, बॅटरीचा, एबीएसचा, आणि काटे शून्यावर पडायचे, मग आपोआप नीट. मालकाला वाटत होतं इंजिनच गेलं. मिस्त्रीने स्कॅनर लावला, बरेच कोड आले, बहुतेक एकच सांगत होते की गाडीतला एक डबा, म्हणजे छोटा कंप्युटर, दुसऱ्याशी बोलत नाही. मग त्याने बॅटरीचं टर्मिनल काढलं, स्कॅनरच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये सहा आणि चौदा नंबरच्या पिनांमध्ये ओहम मोजले. ६० यायला पाहिजेत. हे डबे ज्या दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात त्या जोडीच्या दोन्ही टोकांना एकशे वीस-एकशे वीस ओहमचे रेझिस्टर असतात, दोन्ही शाबूत असले की मिळून साठ. त्या गाडीत १२० आले, म्हणजे एक टोक सुटलं. ते टोक मीटरच्या मागच्या कपलरमध्ये निघालं, पिन मागे सरकलेली. उंदराने आजूबाजूचा टेप खाल्ला होता. काम एवढंच. त्या मालकाला आधी कुठेतरी इंजिनचा कंप्युटर बदलायला सांगितलं होतं.

जाता जाता त्याला विचारलं, कोणता दिवा लागला तर वायरिंगवाल्याकडे येऊच नये? त्याने लगेच सांगितलं, तेलाचा लाल. ऑइलच्या डब्यासारखं चित्र असतं तो. गाडी चालू असताना तो पेटला तर आधी इंजिन बंद, जागेवर. मग ऑइलची मापपट्टी काढून ऑइल बघायचं. ऑइल बरोबर असलं तरी प्रेशर खरंच आहे का हे गेज लावून बघितल्याशिवाय वायरला हात लावायचा नाही. त्या दिव्याची वायर बॉडीला घासली तरी तो पेटतो, हे खरं आहे, आणि म्हणूनच माणसं "वायरच असेल" म्हणून पुढे चालवत राहतात आणि इंजिन धरतं. बॅटरीच्या दिव्याचं त्याने उलटं सांगितलं. चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करायच्या आधी, तो पेटलाच पाहिजे. पेटत नसेल तर खूश व्हायचं नाही. बऱ्याच गाड्यांत डायनामोला सुरुवातीचा करंट त्याच बल्बमधून जातो, बल्ब गेला की डायनामो जागाच होत नाही. हे मला माहीत नव्हतं. घरी येऊन चावी फिरवून बघितली, पेटतो.

एक मल्टिमीटर मी घेतलाय, साडेचारशेचा. भारी नाही, पण व्होल्ट बरोबर दाखवतो, मिस्त्रीच्या मीटरशी शेजारी ठेवून ताडून बघितला. पंधरा दिवसांनी एकदा लोड टाकून बिजागरीच्या बोल्टावर मोजतो. ऑगस्टच्या शेवटी ०.०५ होतं. शेजारच्या गावातल्या दोघांच्या गाड्या अशाच मोजल्या. एकाची ०.०७, दुसऱ्याची ०.९, आणि त्याचाही मीटर मंद. त्याला आळेफाट्याला पाठवलंय.

कल्याणला जाताना आता मढच्या पुढे, घाट लागायच्या आधी थांबतो. पार्किंग लावून खाली उतरतो, मागे जाऊन दोन्ही लाल दिवे बघतो, फाळका हाताने हलवून परत बघतो. मग घाटात घालतो. मुलगा बरोबर असला की तो मागे उभा राहतो आणि मी ब्रेक दाबतो, तो ओरडून सांगतो, डावा, उजवा, दोन्ही. मागच्या खेपेला नंबर प्लेटचा दिवा लागला नाही. बल्ब नवीन टाकून बघितला, तरी नाही. होल्डरमध्ये पाणी गेलेलं दिसतंय. सोमवारी सकाळी नऊच्या आत आळेफाट्याला जातोय.